जाणाऱ्याचं गाणं

27 ऑक्टोबर 1937. मद्रासहून पाँडिचेरीकडे निघालेल्या गाडीत पासष्टीला टेकलेल्या एका माणसाच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमल कोईल नावाचं लहानसं स्टेशन आलं, तेव्हा तो शिष्यांसह तिथेच उतरला. फलाटावर अंथरूण घातलं गेलं. दुखणं वाढतंय हे त्याला कळत होतं. त्याने तंबोरा मिळवायला सांगितला, नमाज अदा केली आणि दरबारीच्या सुरांत अल्लाहचं नाव घेत घेत डोळे मिटले. आजूबाजूला ना डॉक्टर, ना घरचं माणूस. जवळ होते ते शिष्य, चार तारा आणि आयुष्यभर घासून तयार केलेला एक राग.

ते उस्ताद अब्दुल करीम खाँ. जन्म उत्तरेतल्या कैराना गावचा, पण माणूस मिरजेचा. मय्यत मिरजेला आणली गेली आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं.

ही हकीकत मी पुस्तकात वाचण्याआधी अब्बांच्या तोंडून ऐकली, तीही निदान पन्नास वेळा. शिरवळात हायवेच्या कडेला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, मोबाइल आले, तरी पाटीवरचा ‘रेडिओ’ हा शब्द त्यांनी काढला नाही. लहानपणी ते दादांबरोबर मिरजेच्या उरुसाला जायचे. दर्ग्यातल्या चिंचेखाली रात्रभर गाणं चालायचं. खाँसाहेबांच्या आठवणीत भरणारी ती मैफल आजही चालते. अब्बा म्हणायचे, ‘‘मला राग ओळखता येत नाही. पण ते गाणं ऐकलं की दादांच्या शालीचा वास येतो.’’ ही साधी ओळ मी ऐकून सोडून दिली होती. तिचा अर्थ फार उशिरा कळला.

अब्बांना जठराचा कॅन्सर झाला. पुण्यातल्या एका रुग्णालयाने तीन महिन्यांनी सांगितलं, ‘‘आता घरी न्या.’’ घरी नेऊन काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. औषधांची चिठ्ठी दिली, ॲम्ब्युलन्सचा नंबर दिला आणि पुढचा पेशंट आत घेतला. एकोणीस दिवस अब्बा घरी होते. घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी चांगल्या हेतूने उशाशी मोबाइल ठेवला आणि एका नामांकित कारीची तिलावत लावली. दिवसभर, रात्रभर, मोठ्या आवाजात. अब्बांच्या कपाळाला आठी पडायची. आम्हाला वाटलं, वेदना असेल. गोळी दिली, आठी गेली नाही.

नवव्या दिवशी मशिदीतले चाचा आले. हे आमच्या मोहल्ल्याचे जुने मुअज्जिन, आता थकलेले. ते खाटेजवळ बसले आणि मोबाइल बंद करायला सांगून स्वतः यासीन पढू लागले. आवाज फाटलेला, मधे खोकला. पण चाळीस वर्षं रोज पहाटे अब्बांनी तोच आवाज ऐकलेला. आठी उलगडली. कलाम तोच, आयती त्याच. फरक फक्त ओळखीचा होता.

त्या रात्री माझी झोप उडाली. नऊ दिवस आपण अब्बांना काय ऐकवतोय हे पाहिलं, पण अब्बांना काय ऐकायचंय हे कुणी विचारलंच नाही. तेव्हा त्यांना बोलता येत होतं, हे जास्त लागलं. शिक्षकाची खोड म्हणा, मी वाचायला लागले. आपल्या आधी कुणाला हा प्रश्न पडला होता का?

पडला होता, आणि तोही आपल्याच इतिहासात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा मोठा फिलॉसॉफर होऊन गेला. त्याची एक गोष्ट तेराव्या शतकातल्या अल-किफ्तीने विद्वानांच्या चरित्रांत नोंदवली आहे. अल-किंदीच्या शेजारी एक श्रीमंत व्यापारी राहायचा आणि त्याच्याशी त्याचं पटत नसे. एके दिवशी व्यापाऱ्याच्या मुलाला अचानक झटका आला आणि तो निपचित पडला. सगळा धंदा मुलाच्या हातात, कुणाकडून किती येणं, कुणाचं किती देणं, हे एकट्या त्याच्या डोक्यात. सगळे हकीम थकल्यावर नाइलाजाने अल-किंदीला बोलावलं. त्याने नाडी पाहिली आणि ऊद वाजवण्यात तयार असलेले चार शागीर्द बोलावून उशाशी बसवले. नाडी हातात धरून तो त्यांना सूर सांगत राहिला. हळूहळू मुलाचा श्वास सुधारला, तो हलला, उठून बसला, बोलू लागला. अल-किंदी बापाला म्हणाला, विचारून घे जे विचारायचंय ते. बापाने हिशोब विचारले, मुलाने सांगितले. तेवढं होता होता वादन सैलावलं आणि मुलगा पुन्हा पूर्वीसारखा पडला. बाप विनवू लागला, पुन्हा वाजवायला सांगा. अल-किंदीचं उत्तर असं, की याच्या आयुष्याचा तेवढाच अंश उरला होता, तो वापरून झाला. अल्लाहने ठरवलेली मुद्दत वाढवणं कुणाच्या हातात नाही.

ही गोष्ट वैद्यकाचा दाखला म्हणून घेऊ नका. ती आख्यायिकेसारखी वाटते आणि तशी असेलही. पण ती सांगणाऱ्याला काय माहीत होतं ते पाहा. संगीत मरण टाळत नाही, जाणाऱ्याला थोडा वेळ आपल्या माणसांत परत आणतं. हजार वर्षांपूर्वीची ही समज मला तरी आजच्या कित्येक जाहिरातींपेक्षा प्रामाणिक वाटते.

पुढे तुर्कस्तानात एदिर्ने शहरात सुलतान बायझीद दुसरा याने 1488 मध्ये मशीद, मदरसा आणि शिफाखाना एकत्र बांधला. सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी लिहितो, की तिथे रुग्णांसाठी दहा कलावंत नेमले होते आणि आठवड्यातून तीन वेळा त्यांचं गाणं-वाजवणं व्हायचं. तो शिफाखाना आज संग्रहालय आहे. मात्र त्या काळच्या हकिमांची पद्धत वेगळी होती. अमुक दुखण्याला अमुक मकाम, असं त्यांचं गणित. आजही व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘रक्तदाबाला हा राग, मधुमेहाला तो राग’ असले तक्ते त्याच गणिताचे वारसदार आहेत. त्यांत माणूस नसतो, फक्त रोग असतो. (आमच्या स्टाफरूममध्ये असा तक्ता महिन्यातून एकदा येतोच.)

रोगाऐवजी माणसाला विचारायचं, ही गोष्ट खऱ्या अर्थाने विसाव्या शतकात आली. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. बाई आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या, त्यामुळे खाटेवरचा माणूस त्यांनी तिन्ही बाजूंनी पाहिला होता. मरणाऱ्याची वेदना फक्त शरीराची नसते. मनाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते आणि ही सगळी मिळून एकच वेदना होते, हे त्यांचं म्हणणं. कॅनडात माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात डॉ. बालफोर माउंट यांनी 1975 मध्ये त्याच धर्तीवर वॉर्ड उघडला. तिथे सुसान मन्रो या संगीतोपचार करणाऱ्या बाई काम करत. दोघांनी 1978 मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. पुढे 2006 च्या सुमारास न्यूयॉर्कचे समाजसेवक डॅन कोहेन यांनी वृद्धाश्रमातल्या विसरभोळेपणाच्या रुग्णांना आयपॉड द्यायला सुरुवात केली, प्रत्येकाला त्याच्या आवडीची वेगळी यादी भरून. मान खाली घालून बसलेला एक म्हातारा कानाला हेडफोन लागताच डोळे मोठे करतो, गुणगुणतो, बोलतो, ही चित्रफीत 2012 मध्ये जगभर फिरली. तुम्हीही पाहिली असेल. ते रुग्ण मरणपंथाला लागलेले नव्हते, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पण धागा एकच, यादी त्याची हवी.

आपल्याकडे मुंबईत बांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 मध्ये शांती आवेदना सदन उघडलं. देशातलं पहिलं हॉस्पिस ते. त्याची एक शाखा गोव्यात लोटलीला आहे. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. तिथे पैसे घेत नाहीत आणि रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही राहता येतं. ज्या कंपनीने ते उभारलं तिची स्थापना 1935 मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी केली, हेही आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही. शिरवळहून पुण्याला जाताना आम्ही त्याच हायवेने वारज्यावरून किती वेळा गेलो असू! अब्बांच्या आजारपणात ते दार वाजवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कुणी सांगितलंही नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात, जिथे मुस्लिम वस्ती मोठी आहे, शेजारीपाजारीच शिकून घेतात आणि घरोघरी जाऊन अशा रुग्णांची देखभाल करतात. आमच्या मोहल्ल्यात मय्यत झाल्यावर दहा मिनिटांत पन्नास माणसं जमतात. मय्यत होण्याआधीच्या एकोणीस दिवसांत काय करायचं, हे मात्र त्या पन्नासांपैकी कुणाला येत नाही, मला तरी कुठे येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अब्बांना विचारलं. आवाज बारीक झाला होता. म्हणाले, ‘‘मिरजवाले.’’ मी मोबाइलवर खाँसाहेबांची भैरवी लावली. फुफी तिथेच बसली होती. ती ताडकन उठली. ‘‘तौबा, तौबा! मरणाऱ्याच्या कानात गाणं? यासीन सोडून ठुमरी?’’

फुफीला अडाणी ठरवून पुढे जाणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. संगीताबद्दल आपल्या उलेमांत मतभेद जुने आहेत आणि ते गंभीर आहेत. इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये समावर एक अख्खा भाग लिहिला, दोन्ही बाजू मांडल्या आणि ऐकणाऱ्याच्या दिलावर बरंच काही सोडलं. 1235 मध्ये दिल्लीत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांचा इंतकाल झाला तो समाच्या मैफलीत एक शेर ऐकताना आलेल्या अवस्थेतच. दुसरीकडे वाद्याचा आवाजही नको मानणारे बुजुर्ग आहेत आणि त्यांचा अदब मी राखते. माझं म्हणणं एवढंच, की ज्याने आयुष्यभर गाणं ऐकलं नाही, त्याच्या उशाशी गाणं लावणं हाही तोच जुलूम होईल. तिथे जाणाऱ्याचं ऐकायचं, आपलं नाही. आणि सकरातीच्या वेळी कलमा कानावर पडावा, तोही हळू, मागे न लागता, ही आपली तालीम आहेच. मागे न लागता, हे शब्द आपण विसरतो.

मिरजेकडे परत येते, कारण या एका गावात ही गोष्ट दोनदा घडलेली आहे. मिरजेला डॉ. वान्लेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि त्याच गावात शिकलगारांच्या घरांत सतार आणि तंबोरे घडत होते. दवाखाना आणि तंबोरा, दोन्हींसाठी माणसं मिरजेची वाट धरत. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांना लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, म्हणून उपचारासाठी त्यांना मिरजेला आणलं. डोळे पूर्ववत झाले नाहीत. डॉ. भडभडे यांच्या सल्ल्याने मुलगा बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकू लागला. याच मुलाने पुढे 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अखेरच्या वर्षांत ते रामनामात बुडाले, नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला आणि 21 ऑगस्ट 1931 ला मिरजेतच गेले. त्यांचा जन्म 1872 चा. खाँसाहेबांचाही 1872 चाच. सहा वर्षांच्या अंतराने गेलेली ही दोन माणसं. एकाचा शेवटचा आधार रामनाम, दुसऱ्याचा दरबारीतला अल्लाह. दोघांच्या उशाशी कोणता सूर हवा, हे कुणाला विचारावं लागलं नाही, कारण सगळं आयुष्यच त्याचं उत्तर होतं. आणि या दोघांची अदलाबदल करून पाहा. एकाचा सूर दुसऱ्याच्या उशाशी ठेवला, तर दोन्ही थोर गाणी निरुपयोगी झाली असती.

खाँसाहेबांबद्दल मिरजेत आणखी एक गोष्ट सांगतात. तरुणपणी त्यांना इथे प्लेगने गाठलं, मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गा असं कुणीतरी सुचवलं, ते गायले आणि बरे झाले. गाण्याने प्लेग बरा होतो असं मी वर्गात शिकवणार नाही. पण घरापासून इतक्या लांब, तापाने फणफणलेला तो तरुण चिंचेखाली बसून आपलं गाणं गातोय, हे चित्र मला खरं वाटतं. पुढे तो माणूस मिरजेतच स्थायिक झाला, हेही खरं.

अब्बांवर आमचा प्रयोग असा झाला. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग फार स्वच्छ होतं, कुणीतरी खरखर काढून टाकलेलं. अब्बा ऐकत होते, पण चेहरा तसाच. भाईजानला सुचलं. त्याने दुकानातून अब्बांचा जुना रेडिओ आणला, त्याला वायर जोडून तेच गाणं त्यातून लावलं. लाकडी खोक्यातून, थोडं घोगरं होऊन ते आलं, आणि अब्बांची उजव्या हाताची बोटं चादरीवर हलली. ताल नव्हता तो. बटण फिरवत होते, स्टेशन लावताना फिरवायचे तसं. फुफी बघत होती. ती काही बोलली नाही, तसबीह घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. संध्याकाळी आली आणि म्हणाली, ‘‘दुपारी तुमचं गाणं, सकाळी माझं यासीन. मोबाइलवर नाही, मी पढणार.’’ लहानपणी तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिचा आवाज त्याच्या यादीत सगळ्यांत जुना.

त्या दहा दिवसांत काही गोष्टी हाताला लागल्या. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. दिवसभर लावलं की तोही गोंगाटच होतो. हेडफोन त्यांनी काढून टाकले, कान दुखत असावेत. माणसाच्या पंधरा ते तिशीच्या वयातलं गाणं सहसा सगळ्यांत खोल उतरलेलं असतं, असं वाचलं होतं, पण अब्बांचं त्याहून आधीचं निघालं. एकदा मी रफीचं एक गाणं लावलं, सर्वांना आवडणारं, आणि त्यांनी मान फिरवली. अम्मी नंतर म्हणाली, त्यांचा धाकटा भाऊ गेला तेव्हा शेजारी ते वाजत होतं. म्हणजे काय लावायचं नाही, याचीही यादी हवी. आणि गाण्याने औषध सुटत नाही. वेदनेवर मॉर्फीन लागतं तिथे मॉर्फीनच लागतं. गाण्याने धास्ती कमी होते, श्वास थोडा संथ होतो. त्याहून मोठा दावा करण्याइतका पुरावा अजून पक्का नाही.

शेवटचे दोन दिवस अब्बा हाकेला ओ देत नव्हते. आता कशाला, असं भाईजान म्हणाला. मी त्याला 2020 चा एक अभ्यास सांगितला. कॅनडात व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमध्ये संशोधकांनी बेशुद्धीत गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. त्यांना साधे सूर ऐकवले आणि मधे सुरांचा क्रम बदलला. काही रुग्णांच्या मेंदूने तो बदल टिपला, निरोगी माणसाचा टिपतो तसाच. त्यांना अर्थ कळला का, हे त्यातून सांगता येत नाही. कानापर्यंत पोचलं, इतकंच. भाईजानने रेडिओचा आवाज थोडा कमी केला आणि खाटेजवळ सरकवला.

अब्बा फजरच्या आधी गेले. तेव्हा रेडिओ बंद होता, फुफी हळू आवाजात कलमा म्हणत होती आणि बाहेर हायवेवर ट्रक चालले होते. त्यांच्या एकोणीस दिवसांपैकी पहिले नऊ मला परत मिळाले असते तर, हा हिशोब मी अजून करते.

गेल्या महिन्यात मी अम्मीला विचारलं. तब्येत ठणठणीत असताना असं काही विचारणं आपल्याकडे अशुभ मानतात. तिने आधी मला झापलंच. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘माझी आई लोणंदला पाळणा म्हणायची. अर्धा मराठी, अर्धा आपल्या बोलीत. तो. पण रेडिओवर नको, तू म्हण.’’ मी म्हटलं, अम्मी, मला सूर नाही. ती म्हणाली, ‘‘तिलाही नव्हता.’’

मी तो वहीत लिहायला घेतला. पहिली दोन कडवी अम्मीला येतात, पुढचं ती विसरली आहे. लोणंदच्या खालाला येत असेल, ती पंच्याऐंशीची आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलंय. या रविवारी सकाळच्या एसटीने निघते.